दोनातलं एक

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच प्रवचन अखेरपर्यंत ऐकलं, आणि ते सगळ्या घराला भोवलं.

एरवी बाबा प्रवचनाला डोळे मिटून बसतात. ते त्याला मनन म्हणतात. आई त्याला झोप म्हणते आणि मननाचा आवाज वाढला की कोपराने ढोसते. त्या रविवारी मात्र पुढच्या बाकावर कुणाचं तरी बाळ भोकाड पसरून बसलं होतं, त्यामुळे बाबांना नाइलाजाने जागं राहावं लागलं. पाळकसाहेब सांगत होते की ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने त्यातला एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावा. सगळ्या मंडळीने माना डोलावल्या. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे वचन पोचल्याची पावती. त्यापुढे कुणी काही करेल अशी अपेक्षा खुद्द पाळकसाहेबांचीही नसते. त्यांच्याकडे दोन कोट आहेत, आणि ते बोलत होते तेव्हा त्यातला एक त्यांच्या अंगात होता. उपासना संपली, सगळे हात मिळवून आपापल्या घरी जेवायला गेले.

बाबा घरी आले आणि जेवायच्या आधी त्यांनी कपाट उघडलं.

"अगं, मला कोट किती आहेत?"

"दोन," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एक बरा आणि एक तो."

"त्यातला एक द्यायचाय."

स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला. आई हात पुसत बाहेर आली, बाबांच्या तोंडाकडे बघितलं, ताप वगैरे नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "तो द्या."

'तो' कोट बाबांच्या लग्नाआधीचा होता. त्याचं एक कोपर झिजलेलं होतं आणि दुसरं गायब होतं. बाबांनी तो डेपोच्या वॉचमनला दिला. वॉचमनने घालून बघितला, मनापासून आभार मानले, आणि त्या आठवड्यातच तो कोट त्याच्या कुत्र्याच्या अंगावर दिसला. वॉचमनच्या बायकोने कापून, हाताने शिवून त्याचं कुत्र्याला जाकीट केलं होतं. आई बाबांचा डबा द्यायला गेली होती, तिने ते जाकीट पाहिलं, कुत्र्याला उचलून त्याच्या पोटाकडची शिवण तपासली आणि घरी येऊन म्हणाली, "टाका छान आहे हो बाईचा. मशीन नाही घरात, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती."

बाबांनी एवढं मनावर का घेतलं, हे कळायला त्यांची नोकरी माहीत हवी. बाबा बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसतात. लोक बसमध्ये जे जे विसरतात ते सगळं त्यांच्याकडे येतं. छत्र्या, डबे, पिशव्या, एकेकटे हातमोजे, एकदा कवळी. कवळीचा मालक कधी आला नाही. बहुतेक त्याला मागता आली नसावी. छत्री हरवलेला माणूस दारात येतो तेव्हा त्याचा चेहरा असा असतो की बाबा आधी खुर्ची पुढे करतात आणि मग चौकशी करतात. मग समोर ओळीने छत्र्या मांडल्या की तोच माणूस भलतीच उचलतो आणि 'हीच' म्हणतो. एक गृहस्थ तर बॅग सापडली म्हणून ढसाढसा रडले, बाबांना मिठी मारली आणि जाताना टोपी तिथेच विसरून गेले. हे सगळं वर्षानुवर्षं बघून बाबांचं एक मत झालंय. ते म्हणतात, वस्तू कुणाची नसते, माणूस तिच्यासोबत फक्त काही स्टॉप जातो.

तर अशा माणसाने दोन अंगरख्यांचं वचन जागेपणी ऐकलं. मग काय होणार?

घरात नियम झाला. जे जे दोन आहे, त्यातलं एक जाणार. आधी छत्री गेली. मग बादली गेली. भिंतीवरची दोन घड्याळं होती, त्यातलं एक बंद होतं. बंद घड्याळ मोजायचं की नाही यावर बाबांनी दोन दिवस विचार केला आणि शेवटी चालू घड्याळ देऊन टाकलं, कारण बंद दिलं तर घेणाऱ्याचा अपमान होईल म्हणे. कोटाचा त्यांना तेव्हा विसर पडला असावा. तेव्हापासून आमच्याकडे नेहमी सव्वाचार वाजलेले असतात.

माझी बहीण हुशार आहे. तिने जेवताना विचारलं, "बाबा, चपला दोन आहेत."

बाबा घास हातात धरून बसले. "चपलांचा जोड. जोड म्हणजे एक."

"मोजे?"

"तेही तसंच."

"मग आम्ही?"

मी आणि ती जुळे आहोत. ती काही मिनिटांनी मोठी आहे आणि तेवढ्या भांडवलावर तिने आयुष्यभर मला ताई म्हणायला लावलंय. बाबांनी आमच्याकडे बघितलं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघितलं.

"तुम्हाला कोण घेणार," आई म्हणाली आणि भाजी वाढली. आम्ही दोघं वाचलो, पण ज्या कारणाने वाचलो ते काही अभिमानाचं नव्हतं.

आईने हे सगळं हसून चालवून घेतलं, कारण तोवर नियम तिच्या खोलीत शिरला नव्हता. आई शिवणकाम करते. आमची पुढची खोली दिवसा तिचं दुकान असते आणि रात्री मी तिथे झोपतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, जिथे मी काचा बदलतो, तिथे माझ्या पाठीवर रोज कुठल्या तरी रंगाचा दोरा असतो आणि त्यावरून गिऱ्हाईकं ओळखतात की आज कुणाचे पडदे शिवले.

त्या खोलीत मशिनं दोन होती.

एक जुनं, काळं, पायाने चालवायचं. सुती कापड दिलं तर ते मुकाट चालतं, सॅटिन दिसलं की दोरा गोळा करून चुण्या पाडतं. मध्येच अडलं तर उजव्या अंगाला तळहाताने एक थाप मारावी लागते, आणि ती थाप फक्त आईला जमते. मी मारली तर सुई तुटते. ताईने मारली तेव्हा दिवा गेला, आणि त्याचा मशीनशी काय संबंध ते अजून कळलेलं नाही.

दुसरं नवं. पांढरं, विजेवरचं, स्वतःच्या टेबलात बसवलेलं. कितीतरी वर्षं लोकांच्या पँटी आखूड आणि पडदे लांब करून आईने ते घेतलं होतं. त्याला तिने कापूस भरलेलं कव्हर शिवलं होतं. माझं पांघरूण तितकं जाड नाही. हे मशीन तिने घेतलं एका गोष्टीसाठी. आईला एकदा तरी नवरीचा गाऊन शिवायचा होता. तिच्या स्वतःच्या लग्नातला गाऊन उसना होता. फोटोत बघितलं तर कळतं की ती हसत नाहीये, खांद्यावरून घसरणारं कापड दंडाने दाबून धरतेय. नवं मशीन सॅटिनवर पाण्यासारखं चालायचं. पण गाऊन काही येत नव्हता, कारण आमच्या मंडळीतल्या सगळ्या नवऱ्या समोर जायच्या.

समोर म्हणजे समोरच्या इमारतीत, आमच्या खिडकीच्या बरोबर तोंडावर, फिटिंगबाई राहतात. त्या आणि आई लहानपणी एकाच शिवणवर्गात होत्या, एका डब्यात जेवायच्या. फिटिंगबाईंचा हात सुरेख आहे, फक्त त्या मापात श्वासासाठी जागा सोडत नाहीत. आमच्या गायनमंडळाचे झगे त्यांनी शिवलेत. ते घालून श्वास छातीच्या खाली जात नाही, म्हणून आमचं गायनमंडळ सगळी गीतं वरच्या पट्टीत आणि भराभर म्हणतं. पाहुण्यांना तो उत्साह वाटतो. ते झग्यांचं काम खरं तर आईला मिळायचं होतं. ते ऐनवेळी फिटिंगबाईंकडे फिरलं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणतात आणि तेही तिसऱ्या माणसाकडे बघून.

बुधवारची प्रार्थनासभा दर वेळी एकेकाच्या घरी असते. त्या बुधवारी आमच्याकडे होती. माणसं खुर्च्यांवर, खाटेवर, इस्त्रीच्या टेबलावर बसली. फिटिंगबाईही आल्या, कारण अबोला असला तरी प्रार्थनासभा चुकवायची नाही एवढं त्या पाळतात.

"चहा गोड झालाय, सांगा त्यांना," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. आई त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती.

"साखर तेवढीच आहे, सांग," आई मला म्हणाली. मी दोन्ही निरोप पोचवले.

प्रार्थनेचे विषय सांगायची वेळ आली. कुणाची परीक्षा, कुणाचा गुडघा. मग फिटिंगबाई म्हणाल्या, "माझ्या मशीनची मोटर जळाली. दुरुस्तीवाला म्हणतो सुटा भाग मिळाला तर बघू. हातात नवरीचा गाऊन आहे, आणि लग्न जवळ आलंय." मग बारीक आवाजात म्हणाल्या, "एरवी कुणाचंही माप नुसत्या अंदाजाने घेते मी, पण याचं काय होईल त्याचा अंदाज येत नाहीये."

सगळ्यांनी डोळे मिटले. बाबांनी एक डोळा उघडला आणि आधी काळ्या मशीनकडे, मग पांढऱ्या मशीनकडे आणि मग आईकडे बघितलं. हे मला दिसलं कारण माझे दोन्ही उघडे होते. आईचे घट्ट मिटलेले होते. आमेन झालं, लोक उठले, कप गोळा झाले, आईने डोळे उघडले नाहीत. इतकी लांब प्रार्थना तिने आम्हा जुळ्यांच्या जन्माच्या वेळीही केली नसेल.

जाताना नवरीची आई दारात रेंगाळली. आईच्या कानाशी लागून म्हणाली, "त्यांना नाहीच जमलं, तर तुम्ही घ्याल का गाऊन? मी अजून कुणाला बोलले नाहीये."

"बघू," आई म्हणाली. पण तो 'बघू' ऐकून ताईने आणि मी एकमेकांकडे बघितलं. त्या 'बघू'मध्ये गाऊनचा गळासुद्धा बेतून झाला होता.

म्हणजे परिस्थिती अशी होती की आईने काहीही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यभराची इच्छा आपल्या पायांनी चालत समोरच्या इमारतीतून आमच्याकडे येणार होती.

दार लागलं. बाबा म्हणाले, "दोन."

"मला दिसतात," आई म्हणाली. "मी आंधळी नाही."

"मी काही बोललो का?"

"बोललात की. दोन म्हणालात."

"अगं, तुझं आहे, तू ठरव. मी फक्त मोजलं."

आई बराच वेळ कात्रीने टेबलावर टकटक करत राहिली. मग म्हणाली, "काळं द्या त्यांना. उद्याच द्या. म्हणजे झालं ना तुमचं दोनातलं एक?"

बाबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली. सॅटिन कशावर चालतं आणि कशावर नाही, हे त्यांना कुठून कळणार? छत्रीच्या कापडापलीकडे त्यांचा कापडाशी संबंध नाही. मला मात्र कळलं, आणि ताईलाही. आम्ही काही बोललो नाही. आई नियमही पाळत होती आणि गाऊनही घरात आणत होती. एवढं चोख काम तिने मशीनवरसुद्धा कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताईने आणि मी काळं मशीन उचलून समोर नेलं. फिटिंगबाईंनी दार उघडलं, मशीन बघितलं, आणि चष्मा काढून स्वयंपाकाच्या वाफेने धुरकटल्यासारखा पुसला. घरात काहीच शिजत नव्हतं.

"तिने दिलं?"

"हो."

"स्वतःहून?"

ताई म्हणाली, "बाबांनी मोजलं, आईने दिलं."

रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली तेव्हा फिटिंगबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझं मशीन बंद पडलं, तेव्हा या मंडळीतल्या एका बहिणीने स्वतःचं मशीन उचलून मला पाठवलं. मी तिच्याशी कशी वागले ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे." आणि बसल्या. सगळी मंडळी वळून आईकडे बघू लागली. पाळकसाहेबांचा आवाज भरून आला. इतकी वर्षं ते प्रवचन देत होते, आणि त्यातलं एक खरोखर कुणीतरी करून दाखवल्याचा धक्का त्यांना सहन झाला नसावा. त्यांनी तयार आणलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि सगळा वेळ आईच्या मशीनवर बोलले. आई मान खाली घालून बसली. लोकांना वाटलं नम्रता.

तिथून पुढे भलतंच झालं. मंडळीला वाटलं, आमच्याकडे देण्याचं काहीतरी केंद्र उघडलंय. सोमवारी एकजण न फिरणारा पंखा घेऊन आला. "आमच्याकडे दोन होते," तो म्हणाला आणि हलक्या मनाने गेला. मग बिनतळाची किटली आली. एका हाताची खुर्ची आली. व्यायामाची सायकल आली. तिचं एक पेडल नव्हतं, पण देणारीने सांगितलं की एका पायाला जास्त व्यायाम होतो. टीव्ही आला, त्यात फक्त आवाज होता. मग दुसरा टीव्ही आला, त्यात फक्त चित्र होतं. बाबांनी दोन्ही शेजारी लावून बातम्या बघितल्या, पण वेगवेगळी स्टेशनं लागली आणि पुराच्या चित्रावर क्रिकेट ऐकू येऊ लागलं. मग नियमाप्रमाणे दोनातला एक टीव्ही द्यावा लागणार हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते गप्प झाले. पाळकसाहेबांनी स्वतःचा दुसरा कोट पाठवला. त्याची दोन्ही कोपरं गायब होती.

मला झोपायला जागा उरली नाही. मी सायकल आणि खुर्चीच्या मधे पाय पोटाशी घेऊन झोपायचो. घर रिकामं करायला निघालेल्या माणसाच्या घरात आता बाबांच्या डेपोतल्या खोलीपेक्षा जास्त सामान होतं. फरक एवढाच की डेपोतलं सामान लोक विसरलेले असतात. हे त्यांनी आठवणीने आणून टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी आई त्या ढिगासमोर उभी होती. हातात पाळकसाहेबांचा कोट. कोपर बसवता येईल का म्हणून तिने तो उलटा केला, सुलटा केला, आणि खाली ठेवला.

"यातलं एकही त्यांना हवं नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतंच," ताई म्हणाली.

"कचरा टाकायलासुद्धा आपल्याकडे आले आणि वर आशीर्वाद घेऊन गेले."

आईने खिडकीतून समोर बघितलं. समोरच्या खिडकीत फिटिंगबाई काळ्या मशीनवर वाकल्या होत्या. पांढरं सॅटिन त्यांच्या मांडीवरून जमिनीपर्यंत आलं होतं. त्या टाके उसवत होत्या. मशीन अडलं, त्यांनी थाप मारली, चुकीच्या अंगाला. परत उसवायला लागल्या. आमच्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती, तिसऱ्या माणसाकडे बघूनसुद्धा नाही.

आई खूप वेळ बघत होती.

"मी कधी दिलं," ती म्हणाली. "मी तर कोट दिला. तो."

मग तिने पांढऱ्या मशीनवरचं जाड कव्हर काढलं, मशीनवरून एकदा हात फिरवला, आणि कव्हर परत घातलं. मला वाटलं, विचार बदलला. पण ती म्हणाली, "उचला. कव्हर असू दे वर, जिन्यात खरचटेल."

आम्ही उचललं. आई पुढे चालत होती. ती फिटिंगबाईंचा जिना चढत होती ते झग्यांच्या भांडणानंतर पहिल्यांदाच, पण कुठली पायरी तुटकी आहे ते तिला बरोबर आठवत होतं.

फिटिंगबाईंनी दार उघडलं. आधी आईला बघितलं, मग कव्हर बघितलं.

"मला माझं काळं परत हवंय," आई म्हणाली. या वेळी माझ्याकडे न बघता. "सवय आहे त्याची. हे ठेवा."

"हे नवं आहे."

"याला सॅटिन चालतं."

फिटिंगबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. "काळ्यावर चुण्या पडतात, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

जिन्यात कुणाच्या तरी घरातला नळ वाहत होता. माझे हात भरून आले होते, पण मशीन खाली ठेवावं की नाही ते कळेना.

"मलाही ठाऊक होतं," फिटिंगबाई म्हणाल्या. "खिडकी समोरच आहे. सॅटिन लावलं की तू त्याला काय काय बोलतेस, ते वर्षानुवर्षं ऐकतेय मी."

"मग साक्ष कशाला दिलीत भर मंडळीत?"

"मशीन दिलं होतंस ना? मी खोटं काय बोलले?" त्या बाजूला झाल्या. "आणि जरा लाज वाटली तुला, तर वाईट काय झालं. ये आत. अगं, पोरांचे हात तुटतील."

आई आत गेली. सॅटिन हातात घेऊन बघितलं, चुण्या बघितल्या, आणि म्हणाली, "काखेत जरा जागा सोड बाई. नवरीला श्वास लागतो."

"नवरीला कमर लागते," फिटिंगबाई म्हणाल्या.

आम्ही काळं मशीन घेऊन परत निघालो तेव्हा दोघी भांडत होत्या. मधे तिसरा माणूस कुणी नव्हता.

लग्न झालं. गाऊन फार सुंदर होता. नवरीने वचनं देताना प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबून श्वास घेतला आणि पाळकसाहेबांना वाटलं ती भारावली आहे. आई शेवटच्या बाकावर बसून गाऊनच्या पाठीकडे बघत होती. मी तिला विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना," ती म्हणाली. "देणं म्हणजे वाईट वाटत नाही असं कुणी सांगितलं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "प्रभू बघतोय, हे मला आधीपासून माहीत होतं रे. पण इतकी वर्षं वाटायचं, तो आपल्याकडे काय कमी आहे ते बघतोय."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, पण दुरुस्तीवाल्याला तो सुटा भाग मिळाला.

शनिवारी सकाळी फिटिंगबाई आमच्या दारात आल्या. "माझं मशीन सुरू झालं," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्याकडे दोन झाली. तुझं पांढरं घेऊन जा."

आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले. मला वाटलं, आता ती हात धुवेल आणि चप्पल घालेल. मी असतो तर कणकेच्या हाताने गेलो असतो. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले. ती एका हाताची खुर्ची होती, त्यामुळे ते जवळजवळ पडले.

"माझ्याकडे एक आहे," आई शेवटी म्हणाली.

"मग मी दोनांचं काय करू? तुझ्या नवऱ्याने तर आख्ख्या मंडळीला मोजायला लावलंय."

"ज्याच्याकडे नाही त्याला दे."

"कोणाला?"

आईने विचार केला. "डेपोच्या वॉचमनची बायको. कुत्र्याचं जाकीट शिवलंय तिने हाताने. टाका बघशील तर वेडी होशील. आणि मशीन नाही घरात."

"देऊ की मग," फिटिंगबाई म्हणाल्या. "माझं दुरुस्त केलेलं देऊ. चांगलं चालतंय आता."

आईने नुसतं त्या ढिगाकडे बघितलं, जिथे पाळकसाहेबांचा कोट सायकलवर टांगला होता. फिटिंगबाईंनीही बघितलं. हुशार बाई आहेत. त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला, झग्यात मावणार नाही एवढा.

"पांढरं?" त्या म्हणाल्या.

"पांढरं."

"त्याचं काज-बटण काय सुरेख येतं गं."

"माहितेय मला. मी घेतलं होतं ना."

मग आम्ही सगळे समोर गेलो. दोघी त्या मशीनच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. एकीने कव्हरची गाठ सोडली, दुसरीने परत बांधली. आईने आत हात घालून शेवटची अडकलेली सुई काढली आणि नव्या सुयांची पुडी ठेवली. फिटिंगबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, आज धूळ फार आहे. बाबा मधेच गडबडीने घरी जाऊन आले. येताना त्यांच्या हातात त्यांचा बरा कोट होता. म्हणाले, एवढं वॉचमनकडे चाललोच आहोत तर. आईने कोटाकडे बघितलं, बाहीची एक गुंडी सैल होती ती ओढून बघितली, आणि दातांनी दोरा तोडून तिथल्या तिथे घट्ट केली.

मी मशीन उचलायला वाकलो. ताई दारात उभी राहून फोन बघत होती.

"एकट्याने नको उचलू," बाबा म्हणाले. "दोघं लागतील."

आमच्या घरात बाबा दोन मोजायला लागल्यापासून, त्यांच्या तोंडून 'दोघं' ऐकून घाबरायचं कारण नव्हतं असं पहिल्यांदाच झालं. ताईने फोन खिशात ठेवला आणि दुसरी बाजू धरली.